उद्यमनगरातल्या शेडपासून कारी स्पीडवेपर्यंत

आमच्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथचं दुकान. ऑइल इंजिनचे सुटे भाग, पंपाचे शाफ्ट, गुऱ्हाळातल्या चरकाची किरकोळ दुरुस्ती, असली कामं. त्याच शेडच्या मागच्या अंगाला आज मुलांना शर्यत शिकवायच्या चार कार्ट, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या, आणि फॉर्म्युला एलजीबी या शर्यतीची एक मोठी गाडी उभी असते. त्या गाडीला वडील अजून ‘बिनटपाची’ म्हणतात.

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्हीसमोर क्रिकेटच्या मॅचसारखी गर्दी होती. कोल्हापूरला गाड्यांचा नाद आहेच. शहराजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक झाला, ध्रुव मोहिते, चित्तेश मंदोडी, पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत (एफ-थ्री) गेलेला कृष्णराज महाडिक ही नावं लोकांच्या तोंडी आली, आणि “आमच्या पोराला पण बसवा की” म्हणत पालक शेडमध्ये डोकावू लागले. मी २०१२च्या दिवाळीत एक वापरलेली कार्ट आणली होती, ती भाच्यासाठी. धंदा वगैरे काही डोक्यात नव्हतं.

कार्ट दिसायला खेळणं, पण लेथवर हात बसलेल्या माणसाला ती लगेच कळते. तिला सस्पेन्शन नाही, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटावं लागतं, नाहीतर गाडी फरफटते. ते चाक उचलतो चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, नळ्यांचा पीळ. त्यामुळे सीट थोडी सरकवली, मागच्या चाकांमधलं अंतर बदललं, टायरमधली हवा पौंडभर कमी केली, की तीच गाडी वेगळी वागते. वडिलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी ॲक्सल व्ही-ब्लॉकवर ठेवला, वाक मोजायचा डायल लावला आणि पाच मिनिटांत म्हणाले, “वाकलाय.” विकणाऱ्याने मला हे सांगितलं नव्हतं.

दुसरा धडा महागात पडला. रोटॅक्स मॅक्स हे कार्टचं १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. लहान मुलांच्या मायक्रो मॅक्सपासून सिनिअरपर्यंत मूळ इंजिन एकच, लहानांसाठी रिस्ट्रिक्टर लावून त्याची ताकद कमी केलेली असते. इंजिनाला सील असतं, ते अधिकृत केंद्रातच उघडायचं. आपल्या हातात उरतो कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल किती जाईल ते ठरवणारं भोक. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, दुपारची हवा गरम आणि विरळ. तिथे चालणारा जेट तसाच ठेवून मी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर भल्या सकाळी भाच्याला सोडलं. खालच्या थंड, दाट हवेला पेट्रोल कमी पडलं, मिश्रण लीन झालं आणि चौथ्याच फेरीत इंजिन सीझ, आतून अडकून बंद. भाचा हात वर करून कडेला थांबला. परतीच्या प्रवासात धारवाड येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून आमच्याकडे हवामानाची वही आहे: तापमान, दाब, दमटपणा, लावलेला जेट आणि प्लगचा रंग.

धंदा म्हणून हे उभं राहिलं ते एका वाक्यामुळे: “इंजिन कमी पडतंय.” मूल मागे राहिलं की बापाच्या तोंडून हेच निघतं, आणि ते ऐकून नवीन इंजिन विकणारे पुष्कळ आहेत. पण शिकाऊ शर्यतींच्या मालिकांची सगळी रचनाच उलट आहे. इंजिन सीलबंद, टायर एकाच कंपनीचे, चालकासकट गाडीचं किमान वजन ठरलेलं. पोरगं हलकं असेल तर सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टने आवळायच्या. एवढं सारखं केल्यावर जो फरक उरतो तो ड्रायव्हरचा. मग आम्ही एक पद्धत लावली. पालकांनी तक्रार केली की त्यांच्यासमोर तीच कार्ट, तेच टायर, फक्त वजन जुळवून आमच्या मोठ्या मुलाला दहा फेऱ्यांसाठी देतो. त्याचा वेळ आणि तुमच्या मुलाचा वेळ शेजारी शेजारी लिहितो. गाडीच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटा लॉगरवर ब्रेक कुठे लागला, वळणात सर्वांत कमी वेग किती होता, हेही दिसतं.

याने गिऱ्हाईक तुटतं, खोटं कशाला बोलू? एका सीझनला सातपैकी तीन पालक दुसऱ्या टीमकडे गेले. दोघांनी तिथे नवीन इंजिन घेतलं. एकाचा मुलगा पुढच्या वर्षी परत आला, इंजिनासकट.

पुढची पायरी गाडीची. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८००चं इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती तयार केली. त्याच गाड्यांमध्ये नारायण कार्तिकेयन शिकला आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन यांच्या नावाचा कोइंबतूरजवळचा ट्रॅक, कारी मोटर स्पीडवे, २००३ला सुरू झाला. आमची एलजीबी त्याच परंपरेतली. एलजीबी म्हणजे मोटारसायकलला रोलॉन चेन देणारी कोइंबतूरची कंपनी. गाडीला स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन, पंख नाहीत, गिअर हाताने. मुलांना ती साधी वाटते. पण पंख नसल्याने वळणात वरून दाब मिळत नाही, पकड फक्त टायरची. आणि सगळ्यांची ताकद जवळपास सारखी, म्हणून सरळ पट्ट्यात पुढच्याच्या मागे चिकटून हवेचा आडोसा घ्यायचा आणि ऐन वेळी बाहेर पडायचं. आमच्याकडच्या तालमीत वस्ताद जसा पोरांना आधी अंग झोकायचं नाही हे शिकवतो, तसंच हे आहे. घाई केली की आडोसा सुटतो आणि मागचे दोघे पुढे जातात.

२०१०पासून फोक्सवॅगनच्या पोलो कपसारख्या मालिकाही आल्या. तिथे गाड्या कंपनीच्या, मेकॅनिक कंपनीचे. ड्रायव्हरसाठी सोयीचं, पण आमच्यासारख्यांना तिथे जागा नव्हती. थोडा राग आला होता, आता नाही. नवशिक्यांसाठी जेके टायरचा नोव्हिस कप आल्यावर कार्टिंगमधून थेट एलजीबीत उडी मारायची धास्ती कमी झाली, आणि आमचं काम वाढलं.

ऑगस्ट २०१९च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. कोइंबतूरला सरावाचे दोन दिवस ठरलेले, गाडी टेम्पोत चढवलेली. ती तशीच उभी राहिली आणि आम्ही चिखलीकडच्या नातेवाइकांचं सामान काढायला गेलो. पुढच्या वर्षी कोविड. सगळे ट्रॅक बंद. ते वर्ष लेथने पोसलं. वडिलांनी बोलून नाही दाखवलं, पण रोज सकाळी लेथ सुरू करताना माझ्याकडे एकदा बघायचे.

२०२३ला मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिची फॉर्म्युला ४ मालिका भारतात आली, मायगेल कंपनीची चासी, टर्बो इंजिन, वयाची किमान अट पंधरा. पुढच्याच वर्षी चेन्नईच्या रस्त्यांवर रात्री दिव्यांच्या उजेडात या गाड्या धावल्या. तेव्हापासून पालक थेट विचारतात, “एफ-फोर कधी?” आमचं उत्तर ठरलेलं: आधी कार्टमध्ये सलग वीस फेऱ्या दाखव, वेळेतला फरक दोन दशांश सेकंदाच्या आत. बऱ्याच जणांना ते वर्षभरात जमतं, काहींना दोन, काहींना नाही. ज्यांना नाही जमत त्यांच्यातलाच एक आज आमच्याकडे डेटा बघतो. इंजिनिअरिंगला असताना तो कॉलेजच्या टीमबरोबर फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी कारीला गेला होता. ड्रायव्हर म्हणून मी त्याला नाही म्हटलं होतं, अजून तो मधूनमधून ऐकवतो.

मुलाला दाखवायचं असेल तर शनिवारी सकाळी या. पायात घट्ट, पातळ तळव्याचे बूट हवेत, बाकी हेल्मेट, सूट आमच्याकडे आहे. आणि तांबडा-पांढरा दुपारी, फेऱ्या झाल्यावर. आधी नको. तो धडाही आम्ही एकदा शिकलोय, सीट अर्धा दिवस धूत होतो.