पाठदुखी सांगून बसलो

लिंगाला ताठरता येईनाशी झाली होती. आधी दमणुकीवर ढकललं, मग कामाच्या ताणावर. रात्री मुद्दाम उशिरा झोपायला जायचो. बायको जागी असली की फोन घेऊन बाहेर बसायचो. तिला वाटलं, मला तिच्यात रसच उरला नाही. आठ महिने असेच गेले. शेवटी तीच म्हणाली, "माझ्यामुळे असेल तर तसं सांग, नाहीतर डॉक्टरकडे चल."

युरॉलॉजिस्टसमोर, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या अशा तक्रारींच्या डॉक्टरसमोर बसलो आणि पाच मिनिटं पाठदुखीबद्दल बोललो. खरंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहाटे जाग येते तेव्हा लिंगाला ताठरता असते का?"

आठवून पाहिलं, तर तीही कधीच गेली होती. दुखणं नुसतं मनाचं असेल तर झोपेतली, पहाटेची ताठरता सहसा शाबूत राहते, असं त्यांनी समजावलं. माझी हळूहळू कमी होत गेली, पहाटेचीही गेली. म्हणजे आधी रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन्स बघायचे. तोवर मी सगळा दोष मनाला देऊन मोकळा झालो होतो.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सकाळी सकाळी दिलेल्या रक्तातून टेस्टोस्टेरॉन, सगळं ठीकठाक. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, मात्र ८.१. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. मला ना जास्त तहान होती, ना वजन उतरलं होतं.

मग डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदय कसं चालतं ते बघणारी चाचणी, लिहून दिली. मी चक्रावलो, तक्रार कुठली आणि तपासणी कुठली! ते म्हणाले, लिंगातल्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे रक्तवाहिन्या बिघडू लागल्या की बारीक धमनी आधी बोलते, छाती कधी कधी काही वर्षांनी. नशिबाने माझी स्ट्रेस टेस्ट चांगली आली.

सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेसाठीच्या गोळीची, चिठ्ठी मिळाली तेव्हा कबूल केलं, की एका मित्राकडून घेऊन ती मी एकदा गुपचूप खाल्ली होती आणि काही झालं नव्हतं. भरपेट तेलकट जेवणावर घेतली होती, आणि घेऊन नुसता घड्याळाकडे बघत बसलो होतो. तशा जेवणानंतर ती उशिरा लागू पडते. शिवाय ती इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना आली तर रक्त पोचायला मदत करते, एवढंच. मूळ गंमत म्हणजे हे औषध आधी हृदयविकारातल्या छातीदुखीसाठी तपासत होते. आणि त्याच दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. मित्राने मला काही विचारलं नव्हतं, मीही नाही.

गोळीपेक्षा सिगारेट सोडणं कठीण गेलं. दोनदा हरलो. रोजचं चालणं आणि साखरेची औषधं यांनी सहा महिन्यांत एचबीए१सी ६.८ वर आलं. सिल्डेनाफिल अजून लागते, कधी कधी नाही लागत. बायकोला तेव्हाच सगळं सांगितलं होतं, पाठदुखीसकट. आता मी रात्री फोन घेऊन बाहेर निघालो की ती आतूनच विचारते, "पाठ दुखतेय का?"