रेवदंड्याच्या तटाआत

रविवार, रात्री

आज रेवदंडा पायी हिंडले. अलिबागहून चौलमार्गे येणारा रस्ता तटातूनच गावात शिरतो, त्यामुळे आपण किल्ल्यात आलोय हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही. घरं, दुकानं, माडा-पोफळीच्या वाड्या, सगळं तटाच्या आतच.

पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने 1521 ते 1524 मध्ये हा कोट उभारला. जागा हीच का, ते किनाऱ्यावर गेलं की उमगतं. समोर कुंडलिकेचं मुख, पल्याड कोर्लईचा डोंगर; खाडीत शिरणारं गलबत या दोन किल्ल्यांच्या नजरेतून सुटणार कसं? चौल बंदर मात्र त्याहून कितीतरी जुनं. रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला. त्याचं स्मारक गावात आहे.

माझा जीव सातखणी मनोऱ्यात गुंततो. सातांपैकी चारच खण उरलेत. पायथ्याशी उभं राहून मान वर केली की रिकाम्या खिडक्यांच्या रांगा दिसतात आणि दगडांच्या सांध्यांत घुसलेली झाडांची मुळं. ती मुळं वेळेवर काढायला हवीत. चार खणही टिकले नाहीत तर पुढच्या पोरांना काय दाखवायचं?

वाडीतून वाट विचारत एका जुन्या पोर्तुगीज इमारतीशी पोचले. छप्पर कधीच गेलंय, कमान तेवढी शाबूत. कमानीपुढच्या उन्हात सुपारी वाळत घातलेली, बाजूने पाटाचं पाणी पोफळींच्या आळ्यांत चाललेलं. सुपारी परतणाऱ्या आजी म्हणाल्या, "तट हाय म्हणून खारा वारा अडतो, बाय." 1570-71 चा निजामशाही वेढा सोसलेल्या, 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने वेढलेल्या भिंती आज पोफळी राखतात, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पाटी लावून कुलूपबंद केलेल्या अवशेषांपेक्षा असं राबतं जुनेपण मला जवळचं वाटतं.

वसईपाठोपाठ 1740 मध्ये हा कोटही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण पूल ओलांडून कोर्लई गावात गेलं तर त्यांच्या भाषेतून निपजलेली, मराठीत मुरलेली बोली तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात बोलतात. आज तिकडे जायला उशीर झाला. पुढच्या खेपेला आधी कोर्लई. कुणी ओटीवर बसू दिलं तर ती बोली निवांत ऐकायची आहे.