चिमणीची पोरकी पिल्ले वाढवताना

वन्य पक्ष्याचे पिल्लू हाताने वाढवण्याची वेळ माझ्यावर आली ती एका जुन्या भिंतीच्या डागडुजीमुळे. भिंतीतल्या पोकळीत चिमणीचे घरटे होते, आणि ते लक्षात येईपर्यंत पोकळी फोडून झाली होती. खाली तीन पिल्ले पडली होती, डोळे नुकते किलकिले होऊ लागलेली, अंगावर पिसांऐवजी करड्या टोकांच्या नळ्या फुटू लागलेली. शेजारीच टोपलीचे घरटे टांगून त्यांना परत ठेवून पाहिले, पण आवाज आणि धूळ चालूच होती आणि चिमणा-चिमणी जवळ येईनात. शेवटी वन्यजीव बचाव केंद्राला फोन केला. त्यांच्याकडची जागा भरलेली होती, म्हणून त्यांच्या देखरेखीखाली पिल्ले माझ्याकडेच ठेवायचे ठरले. हा तपशील मुद्दाम सांगते, कारण बहुतेक देशांत वन्य पक्षी परवानगीशिवाय घरी ठेवणे कायद्याला धरून नसते, आणि त्यामागे केवळ कागदी शिस्त नाही. पिल्लू जिवंत ठेवणे शिकता येते. ते मोठे होऊन पक्षी म्हणून जगू शकेल असे वाढवणे मात्र निराळे काम आहे, आणि त्यासाठी जाणकाराचा हात लागतोच.

केंद्रातल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पिल्लांना खरोखरच मदतीची गरज आहे का, हा. त्यांच्याकडे माणसे आणून देतात त्यांतली पुष्कळ पिल्ले पोरकी नसतातच. अंगभर पिसे, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारण्याइतके पायांत बळ, असे पिल्लू जमिनीवर दिसले तर ते घरट्यातून पडलेले नसून बाहेर पडलेले असते, आणि आई-बाप आसपासच राहून त्याला भरवत असतात. त्याला उचलणे म्हणजे पळवून नेणेच होय. फार तर मांजराच्या वाटेतून काढून जवळच्या झुडपावर ठेवावे. उघडेवाघडे पिल्लू मात्र घरट्यातच असायला हवे, आणि घरटे सापडले तर त्याला खुशाल हाताने उचलून परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ही समजूत खरी नाही. आई-बापांची पिल्लांतली गुंतवणूक एवढ्याशा वासाने मोडण्याइतकी तकलादू नसते.

पिल्ले हाती आल्यावर त्यांना काहीतरी भरवण्याची जी घाई होते, ती आवरणे ही पहिली परीक्षा. गार पडलेल्या पिल्लाचे पचन जवळजवळ थांबलेले असते आणि त्या अवस्थेत घातलेला घास पोटात तसाच पडून राहतो. म्हणून आधी ऊब, मग पाणीअंश, आणि अन्न त्यानंतर. पक्ष्याच्या शरीराचे तापमान साधारण चाळीस-एक्केचाळीस अंश सेल्सिअस असते, पण पिसे नसलेल्या पिल्लाला ते स्वतःहून राखता येत नाही; त्याच्याभोवतीची हवा सुमारे ३५ अंशांवर ठेवावी लागते आणि पिसे येत जातील तशी ती हळूहळू कमी करावी लागते. मी खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली हीटिंग पॅड ठेवला होता, म्हणजे उष्णता जास्त झालीच तर खोके पुरते तापू नये, आणि घरट्याला लागूनच तापमापक टेकवून ठेवला होता. पिल्ले मान ताणून चोच उघडी ठेवून धापू लागली तर तो भुकेचा नव्हे, उकाड्याचा इशारा असतो. घरटे म्हणून छोटा वाडगा घेतला आणि त्यात टिशू कागद असे बसवले की पिल्लांचे पाय पोटाखाली गोळा होतील. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि हाडे तशीच घट्ट होत जातात. कापूस किंवा टॉवेलचे कापड वापरू नये, कारण त्याच्या धाग्यांत नखे अडकतात.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण चांगल्या हेतूने केलेल्या ज्या उपचारांनी पिल्ले दगावतात त्यांत ड्रॉपरने पाजलेल्या पाण्याचा क्रमांक वरचा आहे. पक्ष्याच्या तोंडात श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडते, आणि ओतलेले पाणी सरळ तिथे उतरते. घरट्यातल्या पिल्लाला निसर्गात पाणी कोणी पाजत नाही. त्याला लागणारे सगळे पाणी अन्नातूनच येते. त्यामुळे घास ओलसर हवा, पण त्यातून थेंब गळता कामा नये. घास देताना चिमट्याचे बोथट टोक जिभेच्या मागे, पिल्लाच्या उजव्या बाजूला न्यायचे, कारण अन्ननलिका तिकडे असते. दूध आणि पाव यांचे नावही काढू नये. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही आणि पावाने नुसतेच पोट भरते.

चिमणी दाणे टिपते म्हणून तिच्या पिल्लांना दाण्यांची भरड द्यावी, असे मला आधी सहजच वाटले असते. वास्तविक चिमण्या आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस प्रामुख्याने किडे भरवतात, कारण अंड्यातून निघताना जेमतेम अडीच-तीन ग्रॅम असलेला जीव दोन आठवड्यांत पूर्ण वाढीच्या जवळ न्यायचा, तर प्रथिनांवाचून भागत नाही. केंद्राने मला दिलेल्या आहारात नुकतीच कात टाकलेले, म्हणून पांढरे आणि मऊ असलेले मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), पाय काढलेले छोटे रातकिडे, आणि पाण्यात भिजवून फुलवलेले, भरपूर प्रथिने असलेले मांजराचे कोरडे खाद्य होते. त्यावर रोज मोजून कॅल्शियमची पूड. ही पूड ऐच्छिक नाही. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फारच थोडे असते. नुसत्या किड्यांवर वाढवलेले पिल्लू बाहेरून गुबगुबीत दिसते, पण आतून त्याची हाडे मऊ राहतात, आणि पहिल्या उडीत पाय मोडतो तेव्हा कुठे कळते की काय कमी पडले होते. पिसांवरही आहाराची नोंद राहते. वाढीच्या काळात उपासमार किंवा ताण झाला तर पिसावर आडवी फिकट रेघ उमटते आणि पीस पुढे नेमके तिथेच तुटते.

वेळापत्रकाने माणूस खरा पिचतो. एवढ्या लहान पिल्लांना उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस मिनिटांनी, आणि जरा मोठी झाल्यावर अर्ध्या तासाने भरवावे लागते. रात्री मात्र चिमणीही झोपते, तेव्हा रात्रीची जागरणे नाहीत, हीच काय ती सवलत. बाहेरची कामे या वेळापत्रकात बसत नाहीत. मी घरातल्या एकीला जोडीला घेतले आणि घासांची नोंद वहीत ठेवू लागले, कारण कोणत्या पिल्लाने किती खाल्ले हे तिघे एकदम चोची वासतात तेव्हा लक्षात राहणे अशक्य असते. चोच वासली की आतला तांबडा-गुलाबी घसा आणि कडेची पिवळी किनार दिसते. आई-बापांच्या दृष्टीने हे अन्न कुठे घालावे याचे ठळक चिन्ह असते, आणि आमच्यासाठी पिल्लाच्या तब्येतीचे. जे पिल्लू वासत नाही त्याला बळजबरीने भरवण्याआधी ते गार पडले आहे का, आणि आधीचा घास पुढे गेला आहे का, हे पाहायचे. चिमणीच्या मानेच्या बाजूला, पातळ कातडीखाली अन्नाची पिशवी फुगलेली स्पष्ट दिसते. ती भरलेली असताना पुन्हा भरवू नये.

घास गिळला की पिल्लू बहुधा लगेच मागे सरकून ढुंगण वर करते आणि पातळ पडद्यात गुंडाळलेली विष्ठेची पांढरी पुडी टाकते. घरट्यात आई-बाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. इथे ते काम चिमट्याने मी करायचे. ही पुडी घट्ट आणि नीट बांधलेली असली की मला हायसे वाटे, आणि ती पातळ झाली किंवा येईनाशी झाली की मी पशुवैद्यांना विचारत असे. विष्ठेची अशी आतुरतेने वाट पाहणे माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशासाठी झालेले नाही. त्याच्या जोडीला रोज सकाळी पहिल्या घासाआधी, ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या काट्यावर वजन. या वयाच्या पिल्लाचे वजन रोज वाढलेच पाहिजे. तिघांतल्या सर्वांत लहान पिल्लाचा आकडा जागच्या जागी थांबला आणि मग घसरू लागला. पशुवैद्यांनी पडताना आतून मार लागला असावा असे निदान केले, औषध दिले, पण ते पिल्लू वाचले नाही. ती नोंद वहीत करून उरलेल्या दोघांना पुढचा घास वेळेवर द्यावा लागला, आणि हे काम ज्यांना नेहमी करावे लागते त्यांच्या कोरड्या वाटणाऱ्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

याच सुमारास केंद्राच्या सूचनांचा रोख बदलला. आतापर्यंत काय भरवावे यावर भर होता. आता पिल्लांशी बोलू नये, त्यांना नावे देऊ नयेत, हातावर बसवून फिरवू नये, पाहुण्यांना दाखवू नये, असे नकार सुरू झाले. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ साली हंसांच्या पिल्लांबाबत सविस्तर मांडलेली गोष्ट ऐकून माहीत होती, की अंड्यातून निघाल्यावर जो चालता-बोलता प्राणी प्रथम दिसतो त्याच्या मागे ती लागतात. चिमणीसारख्या, घरट्यात आंधळ्या जन्मणाऱ्या पक्ष्यांत हे इतक्या झटपट घडत नाही, पण आपण कोण आणि आपली माणसे कोणती, हे त्यांचेही वाढीच्या काळातच ठरते. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाची संख्या १९८२ साली अवघी २२ उरली होती; बंदिवासात त्याची पिल्ले वाढवताना कर्मचाऱ्यांनी हातावर कॉन्डॉरच्या डोक्याची बाहुली चढवून, स्वतः आडोशाला राहून घास दिले. मी बाहुली वापरली नाही, पण खोक्यावर कापड असे आणि घास देणाऱ्या हातापलीकडे पिल्लांना माझे फारसे दर्शन घडत नसे. दोन पिल्ले एकत्र होती हे मोठेच भाग्य होते. एकटे वाढलेले पिल्लू दुसऱ्या पक्ष्याशी वागायला शिकणार कुठून?

आवाजाचेही असेच आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याची पिल्ले इतर पक्ष्यांचे गाणे कानी पडणार नाही अशी वाढवली तेव्हा ती मोठी होऊन गायली खरी, पण त्यांचे गाणे अर्धवट आणि ओबडधोबड निघाले. गाणारे पक्षी लहानपणी थोरांचे ऐकून शिकतात, आणि पुष्कळ जातींत त्या ऐकण्याचा काळ टळून गेला की पुढे कितीही ऐकवले तरी भरपाई होत नाही. चिमणीचा चिवचिवाट म्हणजे काही मैफिलीचे गाणे नव्हे, तरी मी खोके रोज काही वेळ उघड्या खिडकीच्या जाळीआड ठेवत असे, जिथे बाहेरच्या चिमण्यांची भांडणे सहज ऐकू येत.

पिसे भरून आल्यावर दोघे वाडग्याच्या काठावर येऊन बसू लागली आणि एका सकाळी वाडग्यात थांबायलाच तयार होईनात. चिमणीचे पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे झाले की घरटे सोडते, पण पुढेही आठवडा-दीड आठवडा आई-बाप त्याला भरवतात, आणि हाच काळ हाताने वाढवणाऱ्याला सर्वांत चकवतो. पिल्लू उडते म्हणून ते खाऊ शकते असे नाही. मी त्यांना जाड-बारीक फांद्या बांधलेल्या पिंजऱ्यात हलवले, तळाशी बारीक दाणे, हिरवी कणसे आणि जिवंत किडे ठेवले, आणि हाताने द्यायचे घास एकदम बंद न करता त्यांतले अंतर वाढवत नेले. सुरुवातीला ती किड्याकडे टक लावून पाहत आणि मग माझ्याकडे वळून चोच वासत. वळवळणारा किडा चोचीने टोचून पाहणे, सोडणे, पुन्हा धरणे हे आधी नुसते खेळ असतात, आणि त्यांतून गिळणे केव्हा सुरू झाले हे नेमके सांगता येणार नाही. काट्यावरचा आकडाच त्याची साक्ष देत होता: हाताने एकही घास न देता वजन टिकू लागले.

त्यानंतर केंद्राने दोघांना आपल्या मोठ्या जाळीच्या दालनात, त्याच वयाच्या इतर चिमण्यांबरोबर ठेवले. तिथे लांब उडण्याचा सराव झाला आणि उथळ पाण्यात अंघोळीही. अंघोळ म्हणजे चैन नाही. भिजायचे, चोचीने पिसे विंचरायची आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल त्यांवर पसरायचे, हे जमल्याशिवाय पिसे पावसात तग धरत नाहीत. माणूस दालनात शिरताच सगळा थवा वरच्या कोपऱ्यात उडाला आणि त्यात माझी दोघेही होती, हे पाहून सोडण्याचा दिवस ठरला. स्वच्छ हवामानाची सकाळ निवडली, म्हणजे अंधारापूर्वी ओळख करून घ्यायला पुरता दिवस मिळतो. दालनाचा दरवाजा उघडून ठेवला आणि आत नेहमीचे खाद्यही ठेवले. काही दिवस त्यांतले काही पक्षी खायला परत येत होते. मग खाद्य उरू लागले, आणि केंद्राने ते बंद केले.

माझे खोके धुऊन वाळेपर्यंत केंद्राकडून पारव्याचे पिल्लू आले आणि चिमणीवर शिकलेले निम्मे बाजूला ठेवावे लागले. पारव्याचे पिल्लू चोच वासत नाही. ते आपली चोच आई-बापाच्या तोंडात खुपसून, नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा घट्ट स्राव ओढून घेते. त्यासाठी सिरिंजचे पुढचे टोक कापून त्यावर ताणले जाणारे रबरी कापड चिरेसह बसवावे लागते, म्हणजे पिल्लू त्यात चोच घालून स्वतःच खाते. त्याची पिशवी एका वेळी बरेच अन्न साठवते, त्यामुळे दर वीस मिनिटांची धावपळ नाही. दिवसातून चार-पाच वेळा पुरते, आणि प्रत्येक वेळी आधीचे पूर्ण उतरल्याची बोटाने खात्री करून मगच पुढचे द्यायचे.