लाकडी रेणू: मिथेन उभा राहिला, पाण्यावर काम चालू

मिथेन झाला. सागवानी गोळ्याला चार काड्या, प्रत्येक दोघींत १०९.५ अंश, कुठल्याही तीन काड्यांवर ठेवा, सारखाच उभा राहतो.

गोळ्यावर कोनमापक धरून खुणा करायच्या भानगडीत पडू नका. पहिलं भोक पाडा, त्यात खुंटी बसवा आणि खुंटी आडव्यापेक्षा १९.५ अंश खाली झुकेल असा ठोकळा करून त्यात ती अडकवा. ड्रिल सरळ वरून, गोळ्याच्या मध्यावर. एक भोक झालं की गोळा खुंटीभोवती १२० अंश फिरवायचा, असं दोनदा. उरलेले कोन आपोआप बसतात. एसपी२ साठी, म्हणजे एकाच प्रतलात १२० अंशांवर तीन काड्या हव्या असतील तर, ठोकळा ३० अंशांचा आणि फिरवणं १८०.

खरी मजा पाण्यात आहे. बरेच जण मिथेनचाच गोळा घेतात, दोन काड्या लावतात आणि पाणी म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगने १९३१ मध्ये संकरणाची कल्पना मांडली: अणूतली एस आणि पी ऑर्बिटलं (इलेक्ट्रॉनांच्या जागा) मिसळून नवी ऑर्बिटलं, म्हणजे हायब्रिड, बनतात. तिच्यात बंधांमधला कोन आणि हायब्रिडातला एसचा वाटा एकमेकांना बांधलेले आहेत. एसला स्वतःची दिशा नसते, दिशा पीकडून येते. म्हणून एस वाढला की कोन रुंदावतो. दोन सारख्या हायब्रिडांमधल्या कोनाचा कोसाइन म्हणजे एस भागिले (एस वजा १). एस अर्धा असेल तर १८० अंश, एक तृतीयांश तर १२०, पाव तर १०९.५.

आता उलटं चाला. पाण्यातला मोजलेला कोन १०४.५, म्हणजे प्रत्येक बंधात एस ०.२०. ऑक्सिजनकडे एस एकच. दोन बंधांनी ०.४० नेला, दोन लोन पेअरना, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना, प्रत्येकी ०.३० उरला. त्या दोघींतला कोन ११५.४ येतो, बंध आणि लोन पेअरमधला १०९.१. हायब्रिड थेट हायड्रोजनकडेच रोखलेलं आहे, हे यात गृहीत आहे, मॉडेलपुरतं चालतं. लोन पेअरची जोडी बंधांच्या प्रतलाला काटकोनात, हे भोकं पाडताना विसरायचं नाही.

लोन पेअरच्या पाकळ्यांना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागावरचं टॉवेलचं उरलेलं सूत गुंडाळतोय. एस जास्त म्हणून त्या केंद्राजवळ, बुटक्या आणि जाड ठेवल्यात. सूत देणारे मामा म्हणाले, "काय करायलाव ओ, भवरे?" हो म्हटलं, सोपं पडतं.

यानंतर फॉस्फरस पेंटाक्लोराइड. आकार त्रिकोणी द्विपिरॅमिड, पण त्याला एसपी३डी, म्हणजे डी ऑर्बिटलही मिसळलेलं संकरण, म्हणायला मन धजत नाही. डीचा सहभाग फारच कमी असल्याचं आता मानतात. मधले तीन बंध २०२ पिकोमीटर, वरखालचे दोन २१४. एक सेंटिमीटरला २० पिकोमीटर धरून काड्या १०.१ आणि १०.७ सेंटिमीटरच्या कापायला घेतल्यात.