काकूंचा फोन दुपारीच का संपायचा?

बॅटरी टिकत नाही म्हणून येणारी बहुतेक गिऱ्हाइकं फोन माझ्या हातात देण्याआधी मागची सगळी अ‍ॅप्स वर सरकवून टाकतात. काकूंनीही तेच केलं. दुसऱ्या एका दुकानात नुकतीच नवी बॅटरी बसवलेली, तरी फोन दुपारीच मान टाकत होता. तिथे त्यांना सांगितलं होतं, "अ‍ॅप्स उघडी ठेवता, म्हणून उतरते." या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. मोजमाप न करता बॅटरी बदलायची आणि फरक पडला नाही की खापर गिऱ्हाइकावर फोडायचं.

मी फोन उघडला, बॅटरीचा कनेक्टर काढला आणि फोन डीसी सप्लायवर, म्हणजे फोन किती करंट ओढतोय ते आकड्यात दाखवणाऱ्या वीजपुरवठ्यावर, घेतला. स्क्रीन बंद केल्यावर करंट उतरत उतरत वीसेक मिलिअँपिअरवर स्थिरावला. मग डझनभर अ‍ॅप्स उघडून मागे ठेवली आणि स्क्रीन बंद केली. थोड्या वेळात आकडा परत तिथेच. काकूंना मुद्दाम जवळ बोलावून दाखवला. मागे गेलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा गोठलेलं असतं. रॅममध्ये जागा अडवतं, पण प्रोसेसरला कामाला लावत नाही, आणि रॅम भरलेली असो की रिकामी, तिला वीज जवळपास तेवढीच लागते. उलट पूर्ण बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा उघडलं की सगळं स्टोरेजमधून नव्याने उचलावं लागतं. तेव्हा आकडा कितीतरी वर उडाला. अ‍ॅपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी यांनी २०१६ मध्येच एका ग्राहकाच्या ईमेलला उत्तर देताना सांगितलं होतं, की बॅटरीसाठी अ‍ॅप्स बंद करायची गरज नाही. तरी हा समज काही जात नाही.

पण काकूंची तक्रार खरी होती. स्क्रीन बंद असताना आकडा मध्येच दोनशेवर जाई, काही सेकंद तिथे राही, मग खाली येई. पुन्हा तेच. फोनला कोणीतरी सारखं उठवत होतं. सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर पाहिला, तर सर्वात वर जे अ‍ॅप होतं ते काकू सरकवत असलेल्या यादीत नव्हतंच! लोकेशन शेअर करणारं अ‍ॅप. लोकेशनची परवानगी 'नेहमी', आणि बॅटरी बचतीतूनही वगळलेलं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून राहिलेला फोन गाढ झोपतो. याला मात्र त्यातून सूट मिळाली होती.

"ते लेकानं टाकलंय," काकू म्हणाल्या. "लांब असतो. मी पोचले की त्याला दिसतं."

काम कुठे करता, विचारलं. तळघरातल्या स्टोअरमध्ये. मग सगळा उलगडा झाला. तिथे उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, म्हणून फोन ठिकाण शोधतच राहतो. रेंज कमी, म्हणून तीच माहिती पाठवायला रेडिओला जास्त जोर लावावा लागतो. दिवसभर.

अ‍ॅप काढायला त्या तयार नव्हत्या, आणि मीही आग्रह धरला नाही. त्यांनी तिथूनच लेकाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तू आत गेलीस की तसंही बरोबर दिसत नाही. पोचलीस की थांबवत जा." थांबवायचं बटण मी दाखवलं, त्यांनी दोनदा करून पाहिलं.

आमचा जुना कारागीर म्हणाला, एवढ्या वेळात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या असत्या. झाल्या असत्याच. पण काकूंची पहिली बॅटरी त्या दुकानानं काढून घेतली, परत दिली नाही. ती खरंच संपली होती का, हे कळायला आता मार्ग नाही.