सिझरनंतर दर महिन्याला लाल लघवी: माझा अनुभव

दुसऱ्या सिझरनंतर माझी पाळी आलीच नाही. बाळ अंगावर पीत होतं, म्हणून आत्यांना (सासूबाईंना) त्यात वावगं वाटलं नाही. पण दर महिन्याला चार-पाच दिवस लघवी लाल व्हायची, ओटीपोट दुखायचं आणि मग आपोआप साफ. तासगावात मुतखड्याची औषधं झाली, इन्फेक्शनची झाली. सोनोग्राफीत खडा नव्हता, कल्चरमध्ये जंतू नव्हते, तरी गोळ्या चालूच.

"वहिनी, कॅलेंडरवर खुणा करा," असं वन्संनी सुचवलं. खुणा बरोबर पाळीच्या अंतरानं पडल्या. ज्यांना असं होतंय त्यांनी डॉक्टरांना नुसतं "लघवीतून रक्त" सांगू नका, तारखा दाखवा आणि पाळी बंद आहे हेही सांगा.

मिरजेच्या युरॉलॉजिस्टनी आधी कॅलेंडर बघितलं, मग विचारलं, "सिझर किती झालीत?" त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. सिझरचा छेद गर्भपिशवीच्या खालच्या भागावर घेतात आणि लघवीची पिशवी त्याला लागूनच असते. आधीच्या सिझरच्या व्रणामुळं ती घट्ट चिकटते. नीट खाली सरकवता आली नाही, तर तिला इजा होते किंवा एखादा टाका तिच्यातून जातो. मग दोन्ही पिशव्यांमध्ये वाट पडते, तिला फिश्चुला म्हणतात. पाळीचं रक्त त्या वाटेनं लघवीत उतरतं. काहींची लघवी खालून गळते; माझी गळत नव्हती, कारण गर्भपिशवीचं तोंड आवळलेलं राहतं. इजिप्तच्या डॉ. युसेफ यांनी १९५७ मध्ये हे मांडलं, म्हणून याला युसेफ सिंड्रोम म्हणतात. नाव ऐकून मला रडू आलं. इतके महिने मला वाटत होतं, असं जगात कुणालाच होत नसेल.

दुर्बीण आणि डाय घालून सीटी झाल्यावर भोक दिसलं. लहान आणि ताजं असेल तर कधीकधी लघवीची नळी आणि पाळी थांबवणाऱ्या गोळ्यांवर भरतं. माझं जुनं होतं, ऑपरेशनच करावं लागलं. दोन्ही पिशव्या सोडवून वेगवेगळ्या शिवल्या आणि मध्ये पोटातल्याच चरबीचा पडदा बसवला. गर्भपिशवी राहिली.

ऑपरेशनपेक्षा नंतरची नळी जड गेली. दोन-तीन आठवडे ती घरी सांभाळायची, आणि बाळ रांगत येऊन तीच ओढायचं. रात्री आत्या त्याला आपल्याजवळ घ्यायच्या. शेवटी डाय भरून एक्स-रे काढला, गळती नाही हे बघूनच नळी काढली.

पुढच्या महिन्यात पाळी खालून आली आणि लघवी स्वच्छ राहिली. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीला ऑपरेशनची फाईल दाखवायची, असं डॉक्टरांनी बजावलंय.