पार्कोर लॉग, महिना १४: फ्लिप मारायची की नाही

नवीन लोकांसाठी: पार्कोर म्हणजे भिंती, रेलिंग असले अडथळे पळत, चढत, उड्या मारत पार करणं, आणि फ्लिप म्हणजे हवेतली कोलांटी. जून ते सप्टेंबर लॉग टाकला नाही, कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच. मुंबईचा पाऊस, भिंतींवर हिरवंगार शेवाळ, रेलिंग निसरडं, त्यामुळे चार महिने नुसतं फ्लायओव्हरखाली लटकायचं, चार पायांवर (दोन हात, दोन पाय) चालायचं आणि कठड्यावर बॅलन्स करायचा. बोअर झालं पण मनगटं मजबूत झाली बहुतेक.

आधी आकडे. क्लाइंब-अप, म्हणजे भिंतीला लटकून वर चढणं, जूनमध्ये ३ निघायचे, आता सलग ६, पण शेवटचे दोन अजून चिकन विंगच, म्हणजे डावं कोपर आधी वर जातं आणि उजवं मागून लंगडत येतं. व्हिडिओ स्लो करून पाहिला तेव्हा कळलं की मी सगळं हातानेच ओढत बसलोय आणि पाय नुसते खाली लोंबतायत. आता चवडा भिंतीवर जरा वर ठेवतो, कंबर भिंतीपासून लांब, आणि आधी पायाने ढकलतो मग ओढतो. एकदम फरक पडला राव. स्टँडिंग प्रिसिजन, म्हणजे उभ्याने उडी मारून नेमक्या जागी उतरणं, ८ बूट लांब (साधारण सव्वादोन मीटर), दहापैकी ७ स्टिक, म्हणजे न हलता उतरलो. ९ बूट अजून डोक्यातच आहे, काठावर उभा राहतो, हात मागे नेतो आणि परत सरळ उभा राहतो. ज्यांना हे होतं त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

आता मेन विषय. आमच्या ग्रुपात एक बारका आहे, कॉलेजात आहे, लहानपणी मल्लखांब केलाय त्यामुळे हवेत उलटं असताना पण त्याला जमीन कुठंय ते कळतं. रविवारी सकाळी जुहूला गेलो होतो, ओली वाळू असते ना पाण्याजवळची, घट्ट, तिथे टेकऑफ चांगला मिळतो. तो वेबस्टर, म्हणजे एका पायावरून उडून पुढे मारायची फ्लिप, मारत होता. मला म्हणाला, "दादा, तू एवढा ट्रेन करतोस, एक साइड फ्लिप का नाही शिकत?"

झालं, मी प्रवचन सुरू केलं. पार्कोर सुरू करणारा डेव्हिड बेल, त्याचे वडील रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, त्यांच्या आधी फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर आणि त्याचं 'उपयोगी पडण्यासाठी बलवान हो', म्हणजे पार्कोर म्हणजे अ पासून ब पर्यंत कमीत कमी वेळात पोचणं, फ्लिपने कोण कुठे लवकर पोचतं वगैरे. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर दादा, पण तू आजपर्यंत पळालास कोणापासून?"

वॉचमनपासून. एकदाच. आणि तेव्हासुद्धा व्हॉल्ट (हात टेकून अडथळ्यावरून उडी) वगैरे काही नाही, "सॉरी काका, सॉरी" म्हणत गेटमधून चालत बाहेर आलो होतो.

घरी येऊन विचार करत बसलो तर गंमत अशी की फ्लिपवाले स्वतःला फ्रीरनर म्हणवतात, आणि ज्या 'फ्रीरनिंग' शब्दावरून आपण भांडतो तो मुळात भाषांतर म्हणून आला. २००३ ला ब्रिटनच्या चॅनल ४ वर बेलचा जुना साथी सेबास्टियन फुकाँ असलेली डॉक्युमेंटरी आली, तेव्हा इंग्रजी प्रेक्षकांना कळावं म्हणून पार्कोरला फ्रीरनिंग म्हटलं गेलं. मग पुढे फुकाँने स्वतःच्या पद्धतीसाठी तोच शब्द धरला, हालचालीतून स्वतःला व्यक्त करणं वगैरे, आणि लोकांनी त्याचा अर्थ फ्लिप असा लावून टाकला. बेल आणि फुकाँ दोघं पॅरिसजवळच्या लिसमध्येच एकत्र ट्रेन करायचे बरं का, तिथल्या दाम दु लाक नावाच्या उंच शिल्पाच्या आसपास.

आणि तिसऱ्या बाजूकडे कोणी बघतच नाही. १९९७ चा यामाकासी हा ग्रुप, नाव लिंगाला भाषेतलं, ते आपल्या प्रकाराला आर द्यु देप्लासमां (हालचालीची कला) म्हणतात. त्यांचं म्हणणं एकत्र सुरू करायचं, एकत्र संपवायचं. हे मला वाचून कधीच पटलं नव्हतं, जरा भजनी मंडळ वाटायचं. पण मागच्या शनिवारी आमच्यातल्या एक ताई, चाळिशीच्या पुढच्या, जिना चार पायांवर चढताना अर्ध्यात थांबल्या. बाराव्या पायरीवर, हात थरथरत होते. आम्ही सगळे वर पोचून पाणी पीत होतो. बारका काही न बोलता खाली उतरला आणि त्यांच्या बाजूने परत चार पायांवर चढायला लागला, मग आम्ही पण गेलो. वर आल्यावर ताई म्हणाल्या, "मेल्यांनो, आता माझ्यामुळे तुमचे पण गुडघे गेले." खरंच गेले होते.

चौथी पार्टी म्हणजे स्पर्धावाले. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०१७ मध्ये पार्कोर आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली तेव्हा जगभर बोंब झाली, २०२२ ला टोकियोत वर्ल्ड चॅम्पियनशिप पण झाली. माझं मत: स्पर्धा असू दे, पण आपला खेळ दुसऱ्याच खेळाच्या लोकांनी परस्पर चालवायला घेतला तर राग येणारच, आणि तो राग मला बरोबर वाटतो.

फ्लिपबद्दलचं माझं मत मात्र हललंय. आता खटकतं ते वेगळंच. बारक्याने पाचदा वेबस्टर मारला, चारदा हात टेकले, पाचवा लागला आणि त्याचाच व्हिडिओ ऑनलाइन टाकला. आपल्यात म्हण आहे ना, एकदा म्हणजे कधीच नाही, परत परत जमलं तरच जमलं. मी त्याला बोललो तर म्हणाला, "मग तू नऊ बूट एकदा तरी मार ना." बोलती बंद. नऊ बूट मी शून्यदा मारलाय आणि त्याला दहादा करण्याचं तत्त्वज्ञान शिकवतोय.

मग सौदा झाला. मी साइड फ्लिप शिकणार वाळूत, तो माझ्याबरोबर प्रिसिजन दहा सलग करणार, एक चुकला की परत शून्यापासून. पहिल्या दिवशीचा हिशोब: माझ्या ६ फ्लिप, सगळ्या गुडघ्यावर, दातात वाळू, एकदा तर कान भरला. त्याचे प्रिसिजन ४, ६, ३, ७ आणि मग म्हणाला पिंडरी धरली, पोहे खायला जाऊ.

पुढच्या रविवारी परत. नऊ बूटवाली भिंत सुकली असेल तर तिथे पण उभा राहून येतो.